ट्वीटरचा नॉब: एआर-३ए स्पीकरच्या एका जोडीचं प्रकरण

दादरच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला तेव्हा काकूंच्या घरी सामानाच्या तीन याद्या झाल्या: न्यायचं, द्यायचं, टाकायचं. स्पीकरची जोडी तिन्ही याद्यांत होती, तीन वेगवेगळ्या अक्षरांत. 'न्यायचं'मध्ये काकूंनी लिहिली होती, 'द्यायचं'मध्ये भाच्यानं आणि 'टाकायचं'मध्ये मुलानं. मुलगा बंगळुरूला असतो. आईसाठी त्यानं टीव्हीखाली ठेवायचा साउंडबार आधीच मागवून ठेवला होता. अखेर काकूंची यादी चालली. २०२१ साली स्पीकर पुण्यात कोथरूडला आले आणि दोन वर्षं चादर पांघरून कोपऱ्यात उभे राहिले.

मी नोकरीनं मेकॅनिकल इंजिनिअर. जुने स्पीकर दुरुस्त करणं हा माझा छंद, त्यामुळे ओळखीपाळखीतून अशी कामं येतात. २०२३ च्या पावसाळ्यानंतर काकूंचा फोन आला. "ह्यांचे स्पीकर लावून बघायचेत. वाजले तर ठेवीन, नाहीतर 'टाकायचं'च्या यादीत टाक."

चादर काढली आणि आत एआर-३ए निघाले. मी जरा वेळ खालीच बसलो.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय या स्पीकरच्या रचनेवर ठरले. १९५४ साली एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला अकूस्टिक रिसर्च (एआर) ही कंपनी सुरू केली. तोपर्यंत खोल बास हवा असेल तर फ्रिजएवढी पेटी लागायची. व्हिल्चरनं वूफरचा, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या ड्रायव्हरचा, स्वतःचा ताठपणा जवळजवळ काढूनच टाकला, त्याला अगदी ढिला सोडला आणि पेटी हवाबंद केली. वूफरचा कोन, म्हणजे हलणारा कागदी शंकू, आत गेला की पेटीतली हवा दाबली जाते आणि तीच त्याला परत ढकलते. म्हणजे स्प्रिंगचं काम हवेनं करायचं. हवेची स्प्रिंग धातूच्या किंवा कापडाच्या स्प्रिंगपेक्षा जास्त सरळ वागते, त्यामुळे बासमधली विकृती कमी होते आणि पेटीही शेल्फवर मावेल इतकी लहान होते. १९५८ च्या एआर-३ मध्ये त्यानं मधल्या आणि वरच्या पट्टीसाठी घुमटाच्या आकाराचे ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) घातले. त्या मॉडेलला स्मिथसोनियन संग्रहालयात जागा मिळाली आहे. १९६७ चा एआर-३ए हा त्याचा पुढचा अवतार: बारा इंची वूफर, मधल्या सुरांसाठी दीड इंची मिडरेंज, वरच्या सुरांसाठी पाऊण इंची ट्वीटर. एका पेटीचं वजन सुमारे २४ किलो, किंमत त्या काळी २५० डॉलर. कंपनी न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात एक खोली चालवत असे. तिथे जाऊन बसायचं, ऐकायचं आणि उठून जायचं. विक्री तिथे होतच नसे. आजच्या मॉलमधल्या 'एक्स्पीरियन्स झोन'वाल्यांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

काकांनी ही जोडी १९७३ मध्ये बॉस्टनजवळ राहत असताना घेतली. १९८१ मध्ये ते परत आले तेव्हा 'ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स'च्या, म्हणजे परदेशातून कायमचं परतणाऱ्यांना मिळणाऱ्या कस्टमच्या सवलतीत ती दादरला पोचली. सोबतचा अॅम्प्लिफायर अमेरिकेतला, म्हणजे ११० व्होल्टचा. कुणा पाहुण्यानं कौतुकानं तो थेट भिंतीतल्या २३० च्या सॉकेटला लावला आणि त्याचा धूर झाला. परतलेल्या घरांपैकी निम्म्यांकडे ही गोष्ट असते, फक्त वस्तू बदलते, कधी मिक्सर तर कधी टोस्टर. स्पीकरला विजेची वायर नसते म्हणून ते वाचले.

आधी जसे आहेत तसे वाजवून पाहिले. वाजवायला काकांच्याच रेकॉर्डपैकी एक निवडली, भीमसेन जोशींची. उजव्या स्पीकरमधून तबल्यातल्या बायाँच्या घुमाऱ्यावर भर्र असा आवाज येत होता. डाव्यातून भर्र नव्हती, पण बायाँच नव्हता, नुसती टकटक ऐकू येत होती. आणि दोन्हींतून तंबोरा असा येत होता की जणू शेजारच्या खोलीत कुणी चार तारा छेडतंय. जवारीची, म्हणजे तारा घोडीला हलकेच घासून उठणारी, झणझण नावाला नाही. काकू मात्र डोळे मिटून ऐकत होत्या. दोन मिनिटांनी म्हणाल्या, "हा हा, हाच तो आवाज. मऊ."

हे वाक्य मी तेव्हा कौतुक म्हणून घेतलं. पुढे त्यानंच मला घोळात घातलं.

निदान

हवाबंद पेटीच्या स्पीकरची पहिली परीक्षा दोन बोटांनी होते. वूफरचा कोन हळूच आत दाबायचा आणि सोडायचा. पेटी घट्ट असेल तर तो सावकाश, आळस दिल्यासारखा बाहेर येतो. टचकन आला तर कुठेतरी हवा गळतेय. उजवा कोन टचकन आला, आणि माझ्या बोटांवर काळी-तपकिरी चिकट भुकटी राहिली. ती फोमची कड. कोनाच्या काठाला फ्रेमशी जोडणारी ही मऊ वळी पॉलियुरेथेन फोमची असते आणि हवेतला ओलावा तिचं हळूहळू विघटन करतो. कोरड्या गावात ती पंधरावीस वर्षं टिकते. दादरला, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर, तिनं कधी मान टाकली असेल ते सांगायला नको.

डावा कोन मात्र जागचा हलेना. त्याची कड काळीभोर, जाड रबराची होती. काकूंना आठवलं, १९९४-९५ च्या सुमारास तो एका दुकानात दिला होता. त्या माणसाला दोष द्यायला माझं मन तयार नाही. त्या काळी फोमची कड इथे मिळत नव्हती आणि त्यानं केलेलं चिकटकाम आजही सुटलेलं नव्हतं. पण गाडीच्या स्पीकरला शोभेल अशी ताठ कड त्यानं अशा वूफरला लावली होती ज्याची सगळी करामत ढिलेपणात आहे. वूफर बाहेर काढून मोकळ्या हवेत त्याची नैसर्गिक कंपनसंख्या मोजली तर ३४ हर्ट्‌झ भरली. या वूफरची ती १८ ते २० च्या आसपास हवी. बायाँ का गेला ते तिथेच कळलं.

तिसरी गोष्ट मागच्या बाजूला. प्रत्येक पेटीमागे दोन नॉब असतात, एक मिडरेंजचा, एक ट्वीटरचा. हे नॉब पेटीच्या आतल्या सोळा ओहमच्या तारगुंडाळी पॉटला (फिरवून कमी-जास्त करता येणाऱ्या रोधकाला) जोडलेले असतात आणि ते गंजणं हा एआरच्या त्या पिढीचा वंशपरंपरागत रोग आहे. नॉब किंचित हलवला की खर्रर्र होऊन ट्वीटर जागा व्हायचा, सोडला की पुन्हा झोपायचा. काकू म्हणाल्या, "हो, ते दर रविवारी मागे हात घालून काहीतरी करायचे. मला वाटायचं धूळ पुसतात."

म्हणजे 'मऊ' आवाजाचं रहस्य हे होतं: गंजलेले पॉट, अर्धवट ट्वीटर आणि पन्नास वर्षांचे कपॅसिटर.

काम

मी काहीही उघडण्यापूर्वी सगळ्या बाजूंनी फोटो काढतो. मग पेट्या ओल्या फडक्यानं पुसून काढल्या, पुढून आणि मागूनही. ही मागची बाजू लक्षात ठेवा.

एआर-३एच्या पेटीला मागचं झाकण नसतं. आत जायचा रस्ता एकच, वूफर काढल्यावर उरणारं भोक. तिथून कोपरापर्यंत हात घालून सगळं काम करायचं. आधी काचतंतूंचा भराव बाहेर काढावा लागतो. तो अंगाला असा खाजतो की खाजकुइली परवडली. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तरीही रात्री दोनदा अंघोळ. हा भराव पेटीतल्या हवेच्या स्प्रिंगचाच भाग असल्यानं तो जेवढा निघाला तेवढाच परत गेला पाहिजे. काकूंच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलून पिशव्यांवर 'डावा' आणि 'उजवा' लिहून ठेवलं. तो काटा मी नंतर नवा आणून दिला.

नव्या फोमच्या कडा अमेरिकेतून मागवल्या. पोस्ट आणि कस्टम धरून साडेसहा हजारांच्या आसपास गेले. जुनी कड काढणं हे कामाचं सर्वांत कंटाळवाणं अंग. उजव्याचा सडलेला फोम आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि बोथट सुरीनं दोन तासांत निघाला. डाव्याच्या रबरानं दोन संध्याकाळी खाल्ल्या, कारण घाई केली असती तर कागदाचा कोनच सोलून निघाला असता.

चिकटवताना कोनामागची तारेची कॉइल बरोबर मध्यावर बसली पाहिजे. चुंबकाच्या फटीत तिला दोन्हीकडे केसाएवढी जागा असते. काही जण कोनाच्या मध्यावरची धूळ अडवणारी टोपी कापून आत पट्ट्या घालतात. मी टोपीला हात लावत नाही. कडेच्या आतल्या बाजूला गोंद लावून तो सुकला की बाहेरची बाजू फ्रेमला चिकटवायची आणि गोंद ओला असतानाच वूफरला अगदी कमी आवाजात ३० हर्ट्‌झचा सूर द्यायचा. कोन डोळ्यांना दिसेल इतका सावकाश आतबाहेर होतो. कान त्याच्याजवळ नेऊन बोटांनी कड चारी दिशांना मिलिमीटरभर सरकवत राहायचं. कुठे घासलं तर कागदावर नख फिरवल्यासारखा बारीक 'खस्स' येतो. तो येईनासा झाला की बोट तिथेच धरायचं आणि वाट बघायची. डाव्या वूफरला मी असा चाळीस मिनिटं बसलो होतो. काकू चहा घेऊन आल्या आणि त्यांनी कप माझ्या तोंडाशी धरला, कारण हात सोडणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोजलं: उजवा २०, डावा २१ हर्ट्‌झ. पेटीत बसवल्यावर दोन्ही ४४-४५. कारखान्याचा आकडाही याच्याच आसपास आहे. मी खूश.

चारपैकी तीन पॉट वाचले. उघडून व्हिनेगरमध्ये बुडवले, पितळी ब्रशनं घासले, पाण्यानं धुऊन वाळवले, मग कॉन्टॅक्ट क्लीनर. हिरवा गंज गेला आणि खालून चकचकीत तार निघाली. चौथ्याची फिरती पत्ती गंजून तुटली होती. तिथे आजच्या बाजारातला एल-पॅड, म्हणजे ड्रायव्हरचा आवाज कमी-जास्त करणारा पॉटचा नवा पर्याय, लावला. इथे एक बारकावा आहे. जुना पॉट हा ड्रायव्हरला समांतर भार टाकतो आणि क्रॉसओव्हरचं (तिन्ही ड्रायव्हरना आपापले सूर वाटून देणाऱ्या सर्किटचं) गणित तो भार धरून केलेलं असतं. नुसता एल-पॅड लावला तर ते गणित बिघडतं, म्हणून त्याला समांतर २५ ओहमचा रोधक जोडला.

कपॅसिटर तीन असतात: ट्वीटरला ६ मायक्रोफॅरड, मिडरेंजला ५०, वूफरला १५०. मोजले तर अनुक्रमे ७.८, ६१ आणि १६३ भरले. दुसऱ्या पेटीतही आकडे असेच फुगलेले. सहाच्या जागी फिल्म कपॅसिटर घातले, बाकी दोन्हींसाठी साधे नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, नेमके आकडे मिळाले नाहीत म्हणून समांतर जोडून बेरीज केली. १५० चा फिल्म कपॅसिटर मिळतो, पण त्याचा आकार आणि किंमत दोन्ही पाहून हात जोडले. काही मंडळी एकेका कपॅसिटरला दहा हजार मोजतात आणि मग शंभर तास वाजवल्यावर तो 'उघडतो' म्हणतात. माझ्या अनुभवात शंभर तासांत कपॅसिटर जेवढा उघडतो त्यापेक्षा ऐकणारा जास्त उघडतो.

जे केलं नाही

मुलाचा बंगळुरूहून व्हिडिओ कॉल आला. काम चाललेलं पाहून त्याचा सूर बदलला होता. "पैसे घालतोच आहोत तर नवे ट्वीटर घाला ना. आतल्या वायरी, मागचे टर्मिनल, सगळं अपग्रेड." मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. एआर-३एचा ट्वीटर नाजूक असतो, त्याच्या घुमटाला जाणाऱ्या तारा समोरून उघड्या दिसतात, आणि त्याची धारणा मऊ फोमच्या तुकड्यांवर असते, ती वयानं कडक होते. आजचा कुठलाही बरा घुमट ट्वीटर त्यापेक्षा वरपर्यंत जातो आणि जास्त जोरात वाजतो.

पण तो घातला की मिडरेंजशी त्याचं जुळवून घ्यायला क्रॉसओव्हर बदलायचा, मग मिडरेंज मवाळ वाटू लागतो, मग तोही. शेवटी अक्रोडाची पेटी तेवढी १९७३ ची उरते. चारही घुमट ड्रायव्हर जिवंत होते, मोजमापात जोडी एकमेकांशी जुळत होती. मी त्यांना हात लावला नाही. मी त्याला मिरजेच्या तंबोऱ्याचं उदाहरण दिलं. तारा बदलतात, जवारी काढून घेतात, खुंट्या घट्ट करतात आणि त्याला कुणी अपग्रेड म्हणत नाही. भोपळा मात्र कुणी बदलत नाही. तो म्हणाला, "तुम्ही पुणेकर प्रत्येक गोष्टीत तंबोरा आणता." तेही खरं.

पैसे खर्च करायला मी दुसरी जागा सुचवली. या स्पीकरचा रोध चार ओहम, काही ठिकाणी त्याहून खाली उतरतो, आणि तो भरपूर करंट मागतो. काकूंकडचा छोटा देशी अॅम्प्लिफायर पाच मिनिटांत तापायचा. मुलानं चार ओहमला सहज पेलेल असा नवा अॅम्प्लिफायर घेतला. खर्चातला सर्वांत मोठा आकडा तोच आणि ऐकू येणारा फरकही त्याचाच मोठा. फुकटची सुधारणा म्हणजे स्पीकर जमिनीवरून आणि कोपऱ्यातून उचलणं. सुताराकडून फूटभर उंचीचे सागवानी पाट करून घेतले. बासमधला गुबगुबीतपणा तिथेच निम्मा गेला. साउंडबार भाच्याकडे गेला.

ऐकणं

तीच रेकॉर्ड लावली. बायाँ आता खोलीत होता, तळहाताच्या टाचेचं घासणं कळत होतं. तंबोऱ्याची जवारी उभी राहिली. मी काकूंकडे पाहिलं. त्या अवघडून बसल्या होत्या.

"छान आहे," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "पण हे त्यांचे स्पीकर वाटत नाहीत रे. टोचतंय."

तीन आठवड्यांच्या मेहनतीनंतर हे ऐकणं सोपं नसतं. मनात तांत्रिक उत्तर तयार होतं: काकू, तुम्ही वीस-पंचवीस वर्षं बिघाड ऐकत होतात. बोललो नाही, नशीब. पण रात्रभर तेच डोक्यात. जतन नक्की कशाचं करायचं? केंब्रिजच्या कारखान्यातून जो आवाज निघाला त्याचं, की दादरच्या घरात जो नांदला त्याचं? गंजलेला पॉट मी पुन्हा गंजवू शकत नव्हतो, पण नॉब तर होतेच. ते त्यासाठीच दिलेत. तरी प्रश्न होता की काकांना कोणता आवाज हवा होता. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे मऊ. माझा त्यावर विश्वास बसत नव्हता, कारण मऊ हवा असता तर दर रविवारी मागे हात घालायची गरज काय होती?

दुसऱ्या दिवशी कामाची नोंद लिहायला सुरुवातीचे फोटो चाळले. डाव्या पेटीच्या मागच्या बाजूचा फोटो मोठा करून पाहिला आणि पोटात खड्डा पडला. ट्वीटरच्या नॉबभोवती पेन्सिलीच्या चार बारीक रेघा होत्या. प्रत्येकीपुढे आकडा: ८२, ८६, ९१, ९७. प्रत्येक रेघ आधीच्यापेक्षा आवाज वाढवण्याच्या दिशेला. ९७ ची तर जवळजवळ शेवटच्या टोकाला. मिडरेंजच्या नॉबला एकच रेघ, आकड्याविना.

आणि त्या सगळ्या मी ओल्या फडक्यानं पुसून टाकल्या होत्या. मळ समजून.

फोटो घेऊन काकूंकडे गेलो आणि आधी माफी मागितली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ फोटो पाहिला. मी माझं अनुमान सांगितलं: पॉट गंजत गेले, वरचे सूर कमी होत गेले आणि काका पंधरा वर्षं नॉब वाढवत त्यांचा पाठलाग करत होते. त्यांना चमक हवी होती. म्हणजे आत्ताचा आवाज त्यांच्या ८२ च्या रेघेजवळचा आहे.

काकू हसायला लागल्या. "पॉट कसले गंजतायत! त्यांचे कान गेले होते. कुकरच्या चार शिट्ट्या मोजायला सांगितल्या की तीन मोजायचे. भात कायम जास्त शिजायचा आमच्याकडे."

ही शक्यता माझ्या डोक्यातच आली नव्हती. वयानं आधी वरचेच सूर ऐकू यायचे कमी होतात. ९७ साली काका एकसष्ट वर्षांचे होते. नॉब गंजापायी सरकला की कानांपायी, की दोन्हींची बेरीज, हे त्या रेघांवरून सांगता येत नाही, आणि सांगू शकणारा माणूस २०१६ मध्ये गेला.

त्या संध्याकाळी मी मागे उभा राहिलो आणि काकूंनी समोर बसून सांगितलं, कमी, अजून कमी, जरा वाढव, बास. काटा ८२ च्या रेघेच्या बऱ्याच खाली थांबला. त्यांनी टेबलाच्या खणातून पेन्सिल काढून दिली. मी रेघ मारली आणि बाजूला २३ लिहिलं. जुन्या रेघा फोटोवरून पुन्हा काढू का विचारलं तर नको म्हणाल्या.

पुढच्या दिवाळीला फराळाला गेलो तेव्हा स्पीकर चालू होते. काकू आत चकल्या काढत होत्या. मी सवयीनं मागे डोकावलो. नॉब माझ्या रेघेच्या बोटभर पुढे होता. संपर्क पुन्हा खराब झाला असेल म्हणून हळूच मागेपुढे फिरवून पाहिला. खरखर अजिबात नव्हती. होता तिथे परत आणून ठेवला.